लेकुरवाळा कॅक्टस: विदर्भाच्या उन्हापावसात वाढवायचा कसा, फुलवायचा कसा

आमच्या ओसरीच्या पूर्वेकडच्या कठड्यावर एक पसरट मातीची कुंडी आहे. तिच्यात आज कॅक्टसची साठेक डोकी दाटीवाटीने बसली आहेत, सगळी मिळून जेवणाच्या ताटाएवढी. सात वर्षांपूर्वी सुपारीएवढ्या दोन पिल्लांपासून, म्हणजे मोठ्या झाडाच्या अंगाला फुटलेल्या छोट्या डोक्यांपासून, ती सुरू झाली. महाशिवरात्रीच्या आसपास सकाळी अकराच्या सुमाराला ऊन तिच्यावर नीट आलं की पांढऱ्या केसाळ काट्यांतून फिकट पिवळी फुलं उघडायला लागतात. फूल करंगळीच्या नखापेक्षा थोडंसंच मोठं. पाकळीच्या मध्यावर तांबूस रेघ. संध्याकाळी मिटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडतं.

कुंडी ठेवली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "दारात काट्याचं झाड कायले लावतं वं?" आता फेब्रुवारी लागला की त्याच आधी विचारतात, "यंदा फुलं नाई आले का वं अजून?"

गावातल्या बऱ्याच जणींनी माझ्याकडून पिल्लं नेली. काहींची छान वाढली, काहींची पहिल्याच पावसाळ्यात सडली. सडलेल्या प्रत्येक कुंडीची विचारपूस केली तेव्हा कारण एकच निघालं. आपल्याकडे कॅक्टस उन्हाने क्वचित मरतो. तो मरतो जुलै-ऑगस्टात, ओल्या मातीत. आणि फुलं न येण्याचंही एकच मोठं कारण असतं: हिवाळ्यात मायेने घातलेलं पाणी. खाली जे लिहिलं आहे ते सगळं या दोन गोष्टींभोवती फिरतं.

कोणता घ्यायचा

आपण बोलताना काटेरी सगळ्यालाच निवडुंग म्हणतो. कुंपणावरचा थोर किंवा शेर मोडला की पांढरा चीक निघतो. तो कॅक्टस नव्हे, त्याचं कूळ एरंडाचं. कॅक्टसच्या अंगावर बारीक लवदार ठिपके असतात आणि काटे त्या ठिपक्यांतूनच झुपक्याने निघतात. मोडून पाहायची गरज नाही, ठिपके दिसले की ओळख पटली.

मी सांगते आहे तो मॅमिलेरिया प्रोलिफेरा. मॅमिलेरिया ही मेक्सिकोकडची मोठी प्रजाती, हॉवर्थ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने 1812 मध्ये तिला हे नाव दिलं. अंगावर धारा नसतात, बारीक गाठी असतात. काटे गाठीच्या टोकावर आणि फूल मात्र दोन गाठींच्या बेचक्यातून. 'प्रोलिफेरा' म्हणजे लेकुरवाळी, आणि ही जात त्या नावाला पुरेपूर जागते. टेक्सास आणि ईशान्य मेक्सिकोबरोबर क्युबा आणि हिस्पॅनिओला या बेटांवरही ती रानात वाढते. बेटांवरची दमट हवा तिच्या ओळखीची आहे, म्हणून आपला पावसाळा ती इतर मॅमिलेरियांपेक्षा बरा काढते. शिवाय एकटं झाडही फळ धरतं, म्हणजे बीसुद्धा घरचंच.

ही नाही मिळाली तर मॅमिलेरिया इलोंगाटा घ्या, बोटांसारखी लांबट, सोनेरी काट्यांची. तीही सोपी. मोठं फूल हवं असेल तर एकायनोप्सिस. त्याचं लांब नळीचं फूल संध्याकाळनंतर उमलतं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की मान टाकतं. खालचं मातीचं, पाण्याचं गणित तिघांना चालतं.

दोन गोष्टींपासून मात्र जपा. लाल-पिवळ्या गोळ्याचा, हिरव्या दांड्यावर बसवलेला कॅक्टस दिसायला लोभस असतो, पण त्या गोळ्यात हरितद्रव्यच नसतं. खालच्या दांड्याच्या जिवावर तो काही वर्षं काढतो आणि मग संपतो. दुसरी गोष्ट चिकटवलेलं फूल. मी एका रोपवाटिकेतून गुलाबी फुलाचा कॅक्टस हौसेने आणला. पंधरा दिवस झाले तरी फूल कोमेजेना म्हणून जवळून पाहिलं, तर सुकवलेलं कागदी पोताचं फूल गरम डिंकाने शेंड्यावर बसवलेलं होतं. काढायला गेले तर शेंडाच सोलला गेला आणि झाड तिथून पुढे वाढलं नाही. विकत घेताना फुलाच्या बुडाशी बघा. मॅमिलेरियाचं खरं फूल गाठींच्या मधून येतं, बहुधा एकापेक्षा जास्त येतात, आणि अगदी टोकाच्या मधोमध नसतात.

माती: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

आपली काळी माती कपाशीला सोनं आहे, कॅक्टसला विष. ती पाणी धरते, फुगते, वाळली की भेगाळते आणि भेगाळताना बारीक मुळं तोडते. मूठभरसुद्धा घालू नका.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते जुनं कवेलू, म्हणजे छपराचं मातीचं कौल. घर उतरवलं की फुटक्या कवेलूंचा ढीग कुणाच्या ना कुणाच्या सांदीला पडलेला असतोच. पोत्यात घालून हातोडीने फोडायचे. मग दोन चाळण्या घ्यायच्या, एक गव्हाची आणि एक पिठाची. गव्हाच्या चाळणीवर राहिलेले मोठे तुकडे कुंडीच्या तळाला. त्या चाळणीतून पडलेलं पिठाच्या चाळणीत घ्यायचं. पिठाच्या चाळणीतून जे खाली गळेल ते फेकून द्यायचं. वर जे राहील, ज्वारीच्या दाण्यापासून तुरीच्या दाण्याएवढं, ते आपल्या कामाचं. तो धूळभुकटा टाकताना जिवावर येतं, इतकी मेहनत केलेली असते. पण तोच भुकटा पाण्यासोबत तळाला बसून चिखल करतो. पक्क्या भाजलेल्या विटेचेही असे तुकडे चालतात. कच्ची वीट नको, ती पावसाळ्यात विरघळते.

मिश्रण असं: कवेलूचे चाळलेले तुकडे दोन वाटे, जाड रेती एक वाटा, जुनं कुजलेलं शेणखत किंवा लेंडीखत एक वाटा. रेती घरबांधणीच्या ढिगातून घेतली तरी चालते, फक्त सिमेंट मिसळलेली नको. दोन-तीन पाण्याने धुवायची, वरचं गढूळ पाणी ओतून टाकायचं. खत निदान वर्षभर जुनं हवं, हातात घेतलं तर वास मातीचा यायला हवा. चार इंची कुंडीमागे चमचाभर निंबोळी पेंड. मुरूम वापरायचा असेल तर तोही याच दोन चाळण्यांतून काढून रेतीऐवजी घाला.

तपासायचं कसं? मिश्रण ओलं करून मुठीत दाबा आणि मूठ उघडा. लाडू वळला तर चुकलं, आणखी कवेलू घाला. मूठ उघडताच सुटं झालं तर बरोबर. कुंडीत भरल्यावर तांब्याभर पाणी ओता. काही सेकंदांत ते खालच्या छिद्रातून धारेने यायला हवं. वर तळं साचलं तर पुन्हा चाळायला बसा.

कुंडी मातीची, भाजलेली, पसरट. या झाडाची मुळं उथळ असतात, खोल कुंडीत खालची माती नुसती ओली राहते. झाडाभोवती बोटभर जागा सुटेल एवढीच कुंडी घ्या. "मोठी कुंडी म्हणजे लवकर मोठं झाड" हे कॅक्टसला लागू नाही.

विकत आणलेलं रोप बहुधा नारळाच्या भुश्यात असतं. तो भुसा रोपवाटिकेत सोयीचा असतो, पण आपल्याकडे एकदा कोरडा पडला की पाणी घेत नाही आणि एकदा भिजला की सोडत नाही. घरी आणल्यावर आठ दिवस सावलीत सुकू द्या, मग मुळांभोवतीचा भुसा जुन्या टूथब्रशने हळूहळू झाडून काढा. अगदी चिकटून बसला असेल तर पाण्यात धुवून काढा आणि उघड्या मुळांनी चार-पाच दिवस वाळवा. मग नव्या कोरड्या मिश्रणात लावा आणि आठवडाभर पाणी नाही. तुटलेली मुळं ओल्या मातीत गेली की सड तिथूनच सुरू होते. झाड धरायला वर्तमानपत्राची चौपदरी पट्टी करून तिचा वेढा द्यायचा.

पाणी कोणतं, हे आधी

आमच्या बोअरचं पाणी जड आहे. कुंडीच्या कडेला पांढरा थर चढतो, काट्यांवरही चढतो. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या मंडळींना तर हे सांगायला नकोच. तिथे विहिरीचं पाणी कॅक्टसला घालूच नये. सोपा उपाय: पावसाळ्यात पत्र्याच्या पाघोळीखाली दोन ड्रम लावा. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी जाऊ द्या, छतावरची धूळ निघून जाते. नंतरचं भरून झाकून ठेवा. कॅक्टसला पाणी लागतंच किती, दहा-बारा कुंड्यांना दोन ड्रम वर्ष काढतात.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र कधीही घालू नका. उन्हाळ्यात ते वाया जाऊ नये म्हणून झाडांना टाकायची आपल्याला सवय असते. कूलर पाणी उडवतो आणि क्षार मागे ठेवतो, त्यामुळे आठवड्याअखेर टाकीत उरतं ते मूळ बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारं असतं.

वर्षाचं चक्र

फुलांचं वर्ष दिवाळीनंतर सुरू होतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी तोडायचं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या आसपास, कधी त्याखालीही उतरतो, दिवसा स्वच्छ ऊन असतं, हवा कोरडी असते. मॅमिलेरियाला कळ्या धरायला नेमकं हेच हवं असतं. थंड देशांत लोक त्यासाठी काचघरं सांभाळतात, आपल्या अंगणात ते आयतं मिळतं. या काळात झाड थोडं आकसतं, अंगावर सुरकुती दिसते. घाबरून पाणी घालू नका. महिन्यातून एकदा, निरभ्र दिवशी, दुपारच्या आत चार चमचे पाणी कुंडीच्या कडेने, बस. ऊन मात्र पूर्ण द्या, दिवसाचे पाच-सहा तास. अवकाळी पाऊस किंवा गारपीट यायची लक्षणं दिसली की कुंड्या आत. गारेने अंगावर पडलेला खड्डा बुजत नाही.

जानेवारीच्या शेवटी गाठींच्या बेचक्यात तिळाएवढे ठिपके दिसायला लागतात. सुरुवातीला कळी आहे की नवं पिल्लू हे कळत नाही. पिल्लू लवकरच केसाळ होतं, कळी गुळगुळीत राहून लांबते. कळी ओळखली की पाणी सुरू करा, आधी थोडं, मग आठवड्याभराने पोटभर. पोटभर म्हणजे खालून निघेपर्यंत, आणि मग माती पूर्ण सुकेपर्यंत पुन्हा नाही. बांबूची काडी तळापर्यंत खोचून बाहेर काढा, काडीला ओल किंवा माती लागली तर थांबा. कळ्या आल्यावर कुंडीची जागा बदलू नका, फिरवूही नका. माझ्या एका वर्षीच्या अर्ध्या कळ्या मी कुंडी रोज "चांगल्या उन्हात" सरकवत राहिल्याने सुकल्या.

फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत महिन्यातून एकदा हलकं खत. कृषी केंद्रात मिळणारं 0:52:34 (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशाचं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, ओल्या मातीवर. युरिया बिलकूल नाही. नत्राने झाड फुगतं, कातडी पातळ होते, फुलं कमी येतात आणि पहिल्या पावसात तेच झाड आधी सडतं.

एप्रिल अर्धा झाला की दुपारचं ऊन तोडा. सकाळी साडेनऊ-दहापर्यंतचं ऊन थेट, नंतर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट किंवा ओसरीची सावली. पत्र्यावर, सिमेंटच्या गच्चीवर कुंडी ठेवू नका, खालून भाजते. लाकडी फळी किंवा दोन विटा खाली घ्या. पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा कॅक्टस वाढत नाही, नुसता तग धरतो. त्यामागे कारण आहे. बहुतेक झाडं दिवसा श्वासरंध्रं उघडतात, कॅक्टस रात्री उघडतो, म्हणजे पाणी कमी उडतं. पण मे महिन्यात आपल्या रात्रीही तापलेल्या असतात, म्हणून त्याचं काम मंदावतं. अशा वेळी खत नाही, भरपूर पाणी नाही. आठ दिवसांनी एकदा, सूर्य मावळल्यावर, थोडं. भर दुपारी तापलेल्या कुंडीत पाणी घातलं तर मुळं अक्षरशः उकडतात. नवतप्याच्या नऊ दिवसांत, 25 मेपासून 2 जूनपर्यंत, मी कुंड्यांना हातही लावत नाही.

अंगावर एकाच बाजूला पांढरट-तपकिरी, लाकडासारखा डाग पडला तर ते ऊन लागलेलं. डाग जात नाही, पण झाड मरत नाही. बहुतेक वेळा असं तेव्हा होतं, जेव्हा सावलीतलं झाड आपण एकदम उन्हात काढतो. दोन आठवडे घ्या, रोज अर्धा-पाऊण तास वाढवत.

मग मृग. सात-आठ जूनला मृग लागायच्या आत कुंड्या छपराखाली गेल्याच पाहिजेत. पहिल्या वळवाच्या सरीत भिजल्या तर हरकत नाही, उलट धूळ धुऊन निघते आणि दोन दिवसांच्या उन्हात माती सुकते. धोका झडीचा. चार-पाच दिवस सूर्य दिसत नाही, हवा ओली, माती सुकत नाही. नागपूरकडे वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत, भंडारा-गोंदियाकडे आणखी जास्त. छप्पर पारदर्शक असेल तर उत्तम. प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा बांबूवर तिरका बांधला तरी पुरे, बाजू उघड्या ठेवा. चारही बाजूंनी बंद केलं तर आत वाफ कोंडते. कुंड्यांमध्ये हातभर अंतर, खाली बशी नाही. पाणी पंधरा-वीस दिवसांनी, तेही उघाड असेल तर.

पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी बोटाने बुंधा दाबून बघायचा. टणक लागला तर ठीक. मऊ लागला, रंग पिवळसर-पाणचट झाला, तर त्याच दिवशी हालचाल करायची.

हस्ताचा पाऊस ओसरला की कुंड्या पुन्हा उन्हात, हळूहळू. ऑक्टोबर हा वाढीचा दुसरा महिना, आठ-दहा दिवसांनी पोटभर पाणी. आणि दिवाळीनंतर पुन्हा उपास.

पिल्लं वेगळी करणं

वाढवायचा सगळ्यात सोपा मार्ग हाच. वेळ दोनच, फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर. फुललेल्या कुंडीची पिल्लं काढायची तर फुलं होऊन जाऊ द्या.

काढण्याच्या आधी आठ दिवस पाणी बंद. पिल्लू निदान बोराएवढं झालेलं असावं, त्याहून लहान काढलं तर जगतं पण खूप रेंगाळतं. चिमट्याने किंवा कागदाच्या पट्टीने धरून हलकेच पिळायचं. प्रोलिफेराचं पिल्लू आईला अगदी बारीक देठाने जोडलेलं असतं, 'टक्' करून सुटतं. सुरी लागत नाही. सुटलेल्या जागी डाळीच्या दाण्याएवढी हिरवट ओली खूण दिसते. तिच्यावर गंधकाची भुकटी किंवा चुलीतली चाळलेली राख लावा, आईच्या अंगावरच्या जखमेलाही.

आता पिल्लं सुपात कागदावर पसरून सावलीत ठेवा, हवा लागेल अशी. चार-पाच दिवसांत खूण वाळते, तिच्यावर चामड्यासारखी खपली येते. नखाने टोचून पाहा, ओल लागली तर आणखी दोन दिवस. या टप्प्यावर घाई करणारी माणसं मी खूप पाहिली. पिल्लू मातीबाहेर दोन आठवडे राहिलं तरी मरत नाही, त्याच्या पोटात पाणी आहे.

खपली आली की कोरड्या मिश्रणावर ते नुसतं बसवायचं. पुरायचं नाही, एक-दोन मिलिमीटर टेकलं की झालं. कलंडत असेल तर बाजूने कवेलूचे दोन-तीन तुकडे लावून उभं करा. उजेड भरपूर, थेट ऊन नाही. पहिले आठ-दहा दिवस पाणी नाही. मग कडेने चमचाभर, चार दिवसांनी पुन्हा चमचाभर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चिमट्याने अगदी हलकं वर ओढून पाहा. मातीने धरून ठेवलं तर मुळं आली. रोज ओढून पाहू नका, कोवळं मूळ केसाइतकं नाजूक असतं.

एका पसरट कुंडीत पाच-सहा पिल्लं दोन-दोन बोटं अंतरावर लावली तर दोन वर्षांत गादी तयार होते. एकेकटं लावलेलं पिल्लू बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलतं.

बी पासून

फुलं गेल्यावर काही महिन्यांनी बेचक्यांतून लाल फळं वर येतात. भिवापुरी मिरचीचं इवलंसं बाळ म्हणावं तशी. खारीची त्यांच्यावर नजर असते, तेव्हा लाल झाली की उशीर करू नका. फळ बोटाने पिळा, गर गाळणीत धुवा, काळ्या खसखशीएवढ्या बिया कागदावर सावलीत सुकवा. कागदाच्या पुडीत ठेवा, वर तारीख लिहा.

पेरणी ऑक्टोबरात किंवा फेब्रुवारीत. भांडं म्हणून मिठाईचा झाकणाचा पारदर्शक डबा घ्या, तळाला गरम खिळ्याने छिद्रं पाडा. मिश्रण तेच, पण आणखी बारीक चाळलेलं आणि खत निम्मं. ते निर्जंतुक करणं फार महत्त्वाचं. आपल्याकडे त्याची सोय उन्हातच आहे: मे महिन्यात ओलं मिश्रण पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बांधून, पातळ थर करून महिनाभर कडक उन्हात ठेवा आणि पेरणीपर्यंत पिशवी उघडू नका. राहून गेलं असेल तर जुन्या गंजात, म्हणजे पातेल्यात, अर्धा-पाऊण तास वाफवा आणि झाकूनच गार करा.

डबा पाण्याच्या परातीत ठेवून खालून भिजवा. बिया वर भुरभुरा, मातीने झाकू नका, त्यांना उजेड लागतो. झाकण लावा, उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. एक ते तीन आठवड्यांत मोहरीएवढे हिरवे मणी दिसतात. चष्मा लावून पाहावं लागतं. महिन्याभराने त्यांच्या टोकावर पांढरे केस फुटतात, तेच पहिले काटे. तेव्हापासून झाकण थोडं थोडं उघडत जा, एकदम काढू नका. मणी पाणचट होऊन आडवे पडले तर बुरशी आहे. तेवढा भाग चमच्याने मातीसकट उचलून फेका आणि डब्याला हवा द्या.

पहिलं वर्षभर या पोरांना मोठ्या झाडांसारखं कडकडीत कोरडं ठेवायचं नाही. त्यांच्या पोटात साठा नसतो, हिवाळ्यातही आठवड्याला थोडी ओल हवी. वर्षभराने वाटाण्याएवढी झाली की वेगळी करा. फूल यायला तीन वर्षं धरा.

कलमही करता येतं. ड्रॅगन फ्रूटच्या तीनधारी दांड्यावर कॅक्टसचा शेंडा बसतो, आणि ड्रॅगन फ्रूट आता विदर्भातही शेतात दिसतं. पण लेकुरवाळ्या जातीला त्याची गरज नाही. बुंधा सडलेलं एखादं आवडीचं झाड वाचवायचं असेल तेव्हाच मी त्या वाटेला जाते.

सडलं तर

कुंडीतून काढा. धारदार सुरी स्पिरिटने पुसून खालून आडवे पातळ काप घेत वर जा. प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसा. मधोमध एक गोल कडी दिसते, ती झाडाची रसवाहिनी. ती तपकिरी किंवा नारिंगी असेल तोवर कापत राहा. काप सगळीकडे सारखा हिरवट-पांढरा दिसला की थांबा, आणि खात्रीसाठी आणखी एक काप घ्या. गंधक लावून पंधरा दिवस सावलीत उपडं ठेवा, मग पिल्लासारखं लावा. झुपक्यातलं एखादंच डोकं सडलं असेल तर ते आणि त्याच्या शेजारची दोन काढून टाका. सडलेली माती पुन्हा वापरू नका.

कीड

कपाशीवाल्या घराला पिठ्या ढेकूण ओळखीचा आहे. जास्वंद, गाजरगवत आणि घरामागचा पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळक्या झाडांचा) ढीग, तिथून तो येतो. गाठींच्या बेचक्यात कापसाचा कण अडकल्यासारखा दिसतो आणि केसाळ काट्यांत लपतो, म्हणून भिंगातून बघा. कानकाडीचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपा, संध्याकाळी, उन्हात नाही. आठ दिवसांनी पुन्हा, त्यानंतर आठ दिवसांनी पुन्हा. अंड्यांतून निघालेले दुसऱ्या खेपेला सापडतात. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर आधी हाच संशय घ्या, मुंग्या त्यांच्या गोड स्रावासाठी त्यांची राखण करतात. झाड विनाकारण मलूल असेल तर उपटून मुळं पाहा. तिथे पांढरी भुकटी दिसली तर मुळांवरचा ढेकूण आहे. मुळं धुवा, निम्मी छाटा, वाळवा, नवी माती, धुतलेली कुंडी.

या ढेकणाच्या भावकीतल्या एका किड्याने भारतात निवडुंगाचा इतिहासच घडवला. 1795 मध्ये किरमिजी रंग देणारा कोचिनिअल किडा समजून ब्राझीलहून एक किडा आणला गेला. तो निघाला दुसराच, रंगाला कामाचा नव्हता, पण रानोमाळ माजलेल्या निवडुंगाची एक जात त्याने फस्त करून टाकली. कॅक्टसवरच्या पांढऱ्या कापसाला किरकोळ समजू नये ते यासाठी.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाल कोळी येतो. शेंड्याजवळची हिरवी कातडी तांबूस, खरखरीत होते. संध्याकाळी पाण्याचा बारीक फवारा दोन-तीन दिवस मारला तर बहुधा आवरतो. उन्हाळ्यात गंधक फवारू नका, त्या उष्णतेत ते झाडच भाजतं.

कुणाला द्यायचं झाल्यास

पिल्लं ओली देऊ नका, प्लास्टिकच्या पिशवीत तर नाहीच. खपली आलेली पिल्लं वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून चपलांच्या रिकाम्या खोक्यात घट्ट बसवा, खोक्याला दोन-चार भोकं पाडा. एसटीने दिवसभराचा प्रवास सहज सोसतात, आठवडाभर उघडायचं राहून गेलं तरी बिघडत नाही. गेल्या मार्चमध्ये शेजारची मुलगी यवतमाळला सासरी जाताना सहा पिल्लं घेऊन गेली. खोक्याच्या झाकणावर मी एवढंच लिहून दिलं: लावायचं रविवारी, पहिलं पाणी दहा दिवसांनी, बुधवारी, एक चमचा.